सोडायचं ते आपल्या वाट्याचं

नाणे मावळातल्या आमच्या गावी यंदा सप्ताहात काल्याचं कीर्तन छान रंगलं. मंडप भरलेला, टाळकरी दमाचे, पखवाजाला आळंदीत शिकणारा तरुण मुलगा. बुवांनी तुकोबांचं चरित्र लावलं होतं. शेवटाकडे येताना ते म्हणाले, "मावळच्या माणसाइतका भाग्यवान कोण? एका अंगाला देहू, पुढं आळंदी, उशाला भंडारा. देवाजवळ राहायला तुम्हाला कुठं लांब जायला नको. प्रपंचातून जरा मन काढा, हात सैल सोडा, आणि बाकीचं त्याच्यावर टाका."

मंडपातल्या सगळ्यांना ते शब्द गोड लागले. क्षणभर मलाही लागले. मग कळसासाठी देणगी देणाऱ्यांची नावं वाचायला सुरुवात झाली. चौथं नाव आमच्या घरचं होतं, माझ्या आजोबांच्या स्मरणार्थ. ते पैसे कुठून आले हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या व्यवहारातल्या एका कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

बुवांच्या आवाजाबद्दल, पाठांतराबद्दल, त्यांनी पायी केलेल्या वाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मन काढा, हात सैल सोडा, त्याच्यावर टाका, या तीन वाक्यांत आज आमच्या भागात देवधर्माच्या नावाखाली जे चाललं आहे त्याचं सगळं समर्थन येऊन बसलं आहे. मला ही तिन्ही वाक्यं मान्य नाहीत. आणि ज्यांचं नाव घेऊन ती सांगितली गेली, त्या तुकोबांच्या चरित्राची साक्षच या वाक्यांच्या विरुद्ध जाते.

आधी तो कागद कसला होता ते सांगतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि मावळात जमिनीचा भाव एकराऐवजी गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. जिथं आंबेमोहोर आणि पुढं वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी लावला जायचा, त्या खाचरांत प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे पडले. आमचंही ओढ्याकडचं सव्वा एकर गेलं. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात चार नावं होती: वडील, दोन चुलते आणि आत्या. घेणाऱ्याच्या वकिलानं सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र आधी करून आणा, मग बोलू.

आत्या खेड तालुक्यात दिलेली, सत्तरी उलटलेली. तिला फोन गेला आणि दोन दिवसांनी चुलतभाऊ गाडी घेऊन जाऊन तिला घेऊन आला. नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकावर ती प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन बसली होती. आत बोलावलं तेव्हा मशीन तिचा अंगठा घेईना. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तेच. "मावशींच्या रेषा झिजल्यात," असं म्हणत कारकुनानं ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसला आणि पुन्हा दाबला. त्या रेषा चिखलात झिजल्या होत्या. लग्नाआधी तिनं त्याच ओढ्याकडच्या खाचरात लावणी केली होती आणि नंतर पन्नास वर्षं सासरच्या. चौथ्या वेळी अंगठा उमटला. मग रीतीप्रमाणे विचारणा झाली: स्वखुशीनं सोडताय ना, कुणाचा दबाव नाही ना? आत्या म्हणाली, "नाही." आणि तिच्या अंगठ्याखाली मी साक्षीदाराची सही केली.

परतताना तिला साडी घेतली. गाडीत ती माझ्या शेजारी होती. मी हळूच विचारलं, "आत्या, तुला खरंच नको होतं का गं?" खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "नको कसं म्हणू? पण मागितलं असतं, तर दिवाळीला कुणाच्या दारात उभी राहिले असते?"

कायद्यानं तिचा हक्क केव्हाच मान्य केला आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारस धरलं. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीला आणलं. ती दुरुस्ती होण्याआधी वडील वारले असले तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. कायद्यानं जे तिच्या पदरात घातलं ते घरातल्या माणसांनी माहेरपणाच्या बदल्यात काढून घेतलं. भावाला मनापासून हक्क सोडून देणाऱ्या बहिणी असतात, मी त्या पाहिल्या आहेत आणि त्यांच्या मनाचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण ज्या बहिणीला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, तिच्या हो म्हणण्याला स्वखुशी म्हणता येत नाही.

आता बुवांच्या पहिल्या वाक्याकडे येतो. प्रपंचातून मन काढा.

हे वाक्य आमच्याकडे दोन तऱ्हांनी जगलं जातं. गावातली माणसं पहाटे काकड्याला बसतात, एकादशी धरतात, माळ घालतात आणि देवाचं झालं म्हणून उठून व्यवहाराला लागतात. शहरातली माणसं उभी हयात व्यवहारात घालवून साठीला लोणावळ्यात किंवा पवनेच्या काठी घर घेतात आणि उरलेलं आयुष्य देवाजवळ काढायचं आहे असं सांगतात. दोघांचा समज एकच आहे. देवाची एक जागा असते किंवा एक वेळ असते, तिथं गेलं की तो जवळ येतो, आणि बाकीच्या जागी, बाकीच्या वेळी काय केलं याचा त्याच्याशी संबंध नाही.

तुकोबांच्या घरात विरक्त होऊन निघून गेलेला माणूस होता. ते थोरले बंधू सावजी. पत्नी वारल्यावर ते तीर्थाटनाला गेले ते परत आले नाहीत, असं परंपरा सांगते. दुकान, महाजनकी, घेणी-देणी आणि घरातली माणसं हे सगळं तुकोबांच्या अंगावर आलं. पाठोपाठ १६२९-३०चा महादुष्काळ पडला. पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगा गेला, गुरं गेली, व्यापार बसला. निघून जायला यापेक्षा मोठं कारण कुणाला हवं? तरी घर सोडून गेलेले सावजी देवाजवळ पोचले असं कुणी म्हणत नाही. पालखी निघते ती घरी राहिलेल्याची.

तुकोबा डोंगरावर गेले, हे खरं आहे. भामचंद्रावर गेले, घोरवडीला गेले, इंदुरीजवळच्या भंडाऱ्यावर तर त्यांचं कायमचं बसणं होतं. पण ते दर वेळी खाली उतरले, आणि उतरून त्यांनी काय केलं हे बुवांच्या कीर्तनात आलं असूनही निसटून गेलं. परंपरेनं सांगितलेली हकीकत अशी आहे: भामचंद्रावर पंधरा दिवस बसल्यावर त्यांना साक्षात्कार झाला. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथं पोचला. दोघं खाली आले आणि तुकोबांनी घरातली कर्जखतं मागवून घेतली. दुष्काळात नाडलेल्या कुळांकडून येणं असलेली ती कागदं होती. त्यांचे दोन वाटे केले. एक कान्होबाच्या हातात ठेवला. दुसरा, स्वतःचा, इंद्रायणीत सोडला.

देव भेटल्यावर त्या माणसाचं पहिलं काम पैशाचं होतं. त्यांनी आधी आपली हिशेबाची कागदं काढली. प्रपंचातून मन काढून घेतलेल्या माणसाला ती कागदं आठवलीही नसती. आठवली असती तरी धूळ खात तशीच पडू दिली असती, आणि वसुली चालू राहिली असती, फक्त दुसऱ्या कुणाच्या हातून. तुकोबांनी मन काढलं नाही. जिथं माणसाचं माणसाशी नातं सगळ्यात कठोर असतं, त्या देण्या-घेण्याच्या जागी त्यांनी मन नेऊन ठेवलं.

लोणावळ्याचं नाव घेतलं म्हणून आणखी एक उदाहरण सांगतो. १९२४ साली स्वामी कुवलयानंद लोणावळ्याला आले आणि त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. थंड हवेच्या ठिकाणी आलेल्या योग्यानं डोळे मिटून बसावं, अशी लोकांची कल्पना असते. त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. आसनांनी, प्राणायामानं शरीरात नेमकं काय होतं ते यंत्रांनी मोजलं आणि जे दिसलं ते छापून लोकांसमोर ठेवायला त्याच साली योगमीमांसा हे नियतकालिक काढलं. श्रद्धेचा विषय तपासायला काढणं ही धोक्याची निवड होती, कारण तपासणीत काही उणं निघालं असतं तर तेही छापावं लागलं असतं. डोंगराची शांतता त्यांनी कामासाठी वापरली. शांततेला माझा विरोध नाही. तिथून कोणतं काम घेऊन माणूस खाली उतरतो, एवढंच माझं विचारणं आहे.

दुसरं वाक्य: हात सैल सोडा.

दान वाईट असं कोण म्हणेल? मावळात दानाची परंपरा तर दोन हजार वर्षांची आहे आणि ती दगडात कोरलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एकवीरेच्या दर्शनाला गेलेली माणसं डोकावून येतात, पण खांबांवरची अक्षरं फारसं कुणी बघत नाही. ब्राह्मी लिपीतले ते लहान लहान लेख आहेत. एकेका खांबावर एकेका दात्याचं नाव आहे आणि तो कुठला तेही आहे. कितीतरी जण धेनुकाकट नावाच्या गावचे आहेत, त्यांत यवनही आहेत. दर्शनी भागावरच्या लेखात सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं दान नोंदलेलं आहे, आणि सामि नावाच्या सुताराचंही नाव आहे. एवढं प्रचंड लेणं, पण या माणसांनी नाव घातलं ते आपल्या कमाईत बसेल तेवढ्याच दगडावर. माझा धंदा हा, माझं गाव हे, आणि माझ्याकडून हा एक खांब.

दानाचा अर्थ मला त्या खांबांजवळ कळतो. दान म्हणजे आपल्या वाट्यातलं देणं. कर्जखतांच्या हकीकतीतही तेच आहे आणि माझ्या मते तिचा सगळा अर्थ त्या वाटणीत आहे. तुकोबांना सगळीच कागदं बुडवता आली असती. सावजी गेल्यावर तेच थोरले होते, घरात त्यांचा शब्द चालला असता, आणि देवाचं काम म्हणून कुणी आडवंही आलं नसतं. पण त्यांनी आधी दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हातात दिला आणि तू याचं काय करायचं ते तू ठरव म्हणाले. मग फक्त आपला वाटा पाण्यात सोडला.

आता आमच्या घराचा हिशेब बघा. चार वाटे होते. चौथा वाटा जिचा, तिच्या अंगठ्यावर ओलं फडकं फिरवून तो तिघांत आला, आणि आलेल्या रकमेतून देवाला कळस गेला. आम्ही देवाला बहिणीचा वाटा वाहिला. तुकोबांनी पाण्यात सोडलं ते स्वतःचं होतं. आम्ही कळसावर चढवलं ते आत्याचं होतं. हात तर आम्हीही सैल सोडला, पण कुणाच्या पिशवीत सोडला?

देवळाला हात लावणं तुकोबांना वर्ज्य नव्हतं. पूर्वजांचं विठ्ठलाचं मोडकं देऊळ नीट करावंसं वाटलं, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आहे, आणि ते त्यांनी स्वतः राबून केलं असं चरित्रकार सांगतात. दुष्काळानं घर धुऊन नेलेलं, गाठीला काही नाही, तेव्हा जे आपलं उरलं होतं ते त्यांनी दिलं. ते होते हात-पाय. ज्याला देवळासाठी काही करायचं आहे त्याला हा रस्ता आजही मोकळा आहे. पावती मात्र स्वतःच्या वाट्याची फाडावी.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक आहे: बाकीचं त्याच्यावर टाका.

आमची जमीन गेली तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, योग होता. आत्याचा अंगठा लागला तोही योग, भाव चांगला आला तोही योग, कळसाचा मान मिळाला तोही योग. माणूस निवड करतो, तिचा फायदा घेतो आणि जबाबदारी देवाच्या खात्यावर मांडतो. याला भक्ती म्हणायला मी तयार नाही. देवाला आपल्या कृत्याचा जामीन ठेवण्याचा हा प्रकार आहे.

ज्यांना निवड नव्हती अशीही माणसं मावळानं पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी निवडीचा उपदेश करू नये. पवना धरणाच्या पाण्याखाली ज्यांची शिवारं गेली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पवनेचं पाणी बंद नळानं शहराकडे न्यायचं ठरलं तेव्हा त्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. त्या तिघांच्या घरच्यांना देवाची इच्छा म्हणून समजावायला जाणारा माणूस देवाचीच निंदा करतो, असं मला वाटतं. गोळी माणसानं झाडली होती, हुकूम माणसाचा होता.

माणसावर काय कोसळतं आणि माणूस काय करतो, यांत फरक करता आला पाहिजे. दुष्काळ तुकोबांनी निवडला नव्हता. रखमाचं जाणं निवडलं नव्हतं. तेवढं त्यांनी सोसलं. पण दुष्काळानंतर ती कर्जखतं हातात असताना वसूल करायची की सोडून द्यायची, ही निवड त्यांची होती आणि ती त्यांनी देवावर टाकली नाही. स्वतःच्या हातानं केली. कोसळेल त्यापुढं मान झुकवावी, आणि जे आपल्या हातात आहे तिथं हात जोडून मोकळं होऊ नये.

इथं एक आक्षेप येतो. तो मी माझ्याच घरात ऐकला आहे, माझ्या मुलीच्या तोंडून, आणि तो टाळून पुढं गेलो तर मीही बुवांच्याच पंगतीला बसेन. ती म्हणाली, "बाबा, तुकोबांनी फक्त स्वतःचा वाटा बुडवला म्हणता, पण त्या वाट्यात त्यांची दुसरी बायको जिजाई नव्हती का? तिची मुलं नव्हती का? ती कागदं वसूल झाली असती तर तिच्या चुलीवर काही शिजलं असतं. तिला कुणी विचारलं?"

नाही विचारलं. निदान मी ऐकलेल्या कुठल्याच कथेत विचारल्याचं नाही. लोकांनी जिजाईला आवली म्हणून कजाग ठरवलं, कीर्तनांत तिच्यावर शतकानुशतकं हशा पिकवला. ती बोलत होती ते दाण्यांबद्दल आणि उपाशी मुलांबद्दल. तिचं बोलणं खरं होतं. आणि तीच बाई भाकरी बांधून भंडाऱ्याचा चढ चढत होती, नवऱ्यानं खाल्ल्याशिवाय घास घेत नव्हती, हेही त्याच कथांत आहे. तुकोबांच्या निवडीची अर्धी किंमत जिजाईनं भरली. ही उणीव मी झाकणार नाही, आणि तुकोबांना ती झाकलेली आवडली असती असंही मला वाटत नाही, कारण स्वतःचे दोष उघडे करून सांगण्यात त्यांच्याइतका निर्भय माणूस मराठीत झालेला नाही.

पण या आक्षेपानं माझं म्हणणं पडत नाही, उलट पक्कं होतं. देवासाठी एखादी गोष्ट सोडताना तिची किंमत आणखी कोण भरणार आहे, हा प्रश्न तुकोबांसारख्यालाही सुटत नाही. मग आपल्यासारख्यांनी तो किती वेळा विचारायला हवा? नोकरी सोडून सेवेला लागणाऱ्यानं बायकोला विचारावं. सगळी पुंजी मठाला देणाऱ्यानं मुलांकडे बघावं. आणि बहिणीला गाडीत घालून आणणाऱ्यानं तिच्या घरी, तिच्या ओट्यावर, इतर भाऊ समोर नसताना तिला विचारावं. निवड जितकी देवाच्या नावानं मोठी, तितकी तिची झळ कुणाला लागते हे बघण्याची जबाबदारी मोठी.

दुसरा आक्षेप माझ्या एका जुन्या मित्राचा आहे. तो देव मानत नाही आणि त्याच्याइतका चोख माणूस मी कमी पाहिला आहे. तो म्हणतो, "तू सांगतोस ती साधी नीती आहे. बहिणीचा वाटा बहिणीला द्यावा, एवढंच ना? त्यात देव कशाला?"

त्याला देव लागत नाही, हे मला मान्य आहे. मला लागतो, आणि का लागतो ते सांगतो. त्या दिवशी कार्यालयात काही चुकीचं घडलं नव्हतं. कागद पक्का होता, मुद्रांक बरोबर होता, विचारायचे ते प्रश्न विचारले गेले होते, उत्तरं नोंदली गेली होती. कायदा समाधानी होता. भाऊबंद समाधानी होते. गावानं शाल दिली. नीतीची जेवढी बाहेरची ठाणी आहेत तेवढी सगळी आम्ही ओलांडली आणि कुणी आम्हाला अडवलं नाही. तरी त्या रात्री मला झोप आली नाही, कारण एक साक्षीदार मी होतो आणि आणखी एक कुणीतरी तिथं होता, ज्याच्यासमोर "नाही" हा शब्द "नाही" असा ऐकू जात नव्हता. माझा मित्र त्याला विवेक म्हणेल. माझ्या आईनं मला त्याला पांडुरंग म्हणायला शिकवलं. नावावरून भांडायची माझी तयारी नाही. पण ज्या घरात सकाळ-संध्याकाळ त्याचं नाव घेतलं जातं, त्या घरानं त्याला देव्हाऱ्यापुरता बोलावून नोंदणी कार्यालयाच्या दारात बाहेर ठेवावं, हे मला सहन होत नाही.

देवाजवळ राहायला कुठं लांब जायला नको, असं बुवा म्हणाले आणि तेवढं मला पूर्ण पटतं. पण त्यासाठी निवड करावी लागते, आणि ती कुठं करावी लागते याचा पत्ता त्यांनी चुकीचा दिला. मावळातच तिचा खरा पत्ता सापडतो. सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. चाकणचा हा घाण्यावरचा तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, त्यानं अभंग लिहून ठेवले म्हणून आज ते आपल्याला वाचायला मिळतात. तेल काढणं, मापणं, विकणं हा रोजचा धंदा, आणि त्याच हातांनी गाथा उतरवून घेणं. गिऱ्हाइकाला दिवसातून दहा वेळा तेल मापून देणारा हात रोज दहा वेळा निवड करतो. आपल्या हातांचंही तसंच आहे. दुधात पाणी घालायचं की नाही, मजुराला ठरलेली मजुरी त्याच संध्याकाळी द्यायची की चार खेपा घालायला लावायचं, मोजणीच्या वेळी बांध कुणाच्या अंगाला सरकतो ते बघून गप्प बसायचं की बोलायचं, म्हाताऱ्या आईला कुणाच्या घरी किती महिने याचा हिशेब मांडायचा की नाही. भंडाऱ्याच्या पायऱ्या चढताना यातलं काहीच सुटत नाही. तिथून खाली आल्यावर ते जसंच्या तसं दारात उभं असतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते मी पुढच्या सप्ताहात मंडपात उभं राहून मांडणार आहे. ज्या घरानं जमीन विकली असेल त्या घराची देणगी घेण्याआधी देवस्थानानं एक प्रश्न विचारावा: बहिणींचे वाटे पोचले का? पोचले नसतील तर पावती फाडू नये. कळस दोन वर्षं उशिरा चढला तर विठोबाचं काही अडत नाही.

राहता राहिली माझी सही. बोलणाऱ्यानं आधी आपल्या घरचं निस्तरावं, म्हणून तेही सांगतो.

वडील गेले, आणि त्यांच्या वाट्याचे पैसे माझ्याकडे आले. आत्याचा हिस्सा तिघा भावांत वाटला गेला होता, म्हणजे त्यातला एक तृतीयांश आमच्याकडे आला होता. मी चुलतभावांकडे गेलो. आपण तिघांनी मिळून तिचं तिला देऊ म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि व्यवहार मिटलाय म्हणाले. मी खूप वाद घातला. परतताना कामशेतच्या पुलावरून इंद्रायणी दिसली आणि कान्होबाचा वाटा आठवला. भावाची कागदं बुडवणं तुकोबांनाही आपल्या हातात वाटलं नव्हतं. माझ्या हातात होता तो एक तृतीयांश.

गेल्या कार्तिकात चेक घेऊन आत्याकडे गेलो. ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. चेक तिनं हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. वाचता येत नाही तिला. मग मान वर करून विचारलं, "यात भावांचं काही नाही ना? त्यांच्या मनाविरुद्धचं असलं तर मला नको."

"नाही आत्या. आमच्याच वाट्याचं आहे."

"मग ठेवते," ती म्हणाली, आणि सूप बाजूला सारून उठली.